अण्णांची लेडीबर्ड

घरात आजारपण आलं की आपण शहरातली मुलं आधी गूगल उघडतो, मग बॅग भरतो आणि आई-वडिलांना फ्लॅटवर घेऊन येतो. आमच्याकडेही अगदी तस्संच झालं. पुढचं मात्र प्लॅनमध्ये नव्हतं...

"अगं, अण्णा सायकल घेऊन गेलेत!"

सकाळचे सव्वासहा. आदल्या रात्री दोन वाजता एका लेखाची डेडलाइन गाठून मी आडवी झालेले. आईचा आवाज असा, की मला आधी ऐकू आलं ते फक्त 'अण्णा' आणि 'गेलेत'. मधला शब्द मेंदूपर्यंत पोचायला दोनेक सेकंद लागले. ते दोन सेकंद मी अजून विसरलेले नाही.

"सायकल? कुठली सायकल?"

"कुठली म्हणजे? तुझीच की. ती जांभळी. दादा गेलाय मोटारसायकल घेऊन बघायला. माझ्या तर हातपायच गळालेत बघ."

आता तुम्ही म्हणाल, वडील सकाळी सायकल चालवायला गेले, त्यात एवढं काय? आमच्या सोसायटीत सत्तरीचे काका हेल्मेट-बिल्मेट घालून सिंहगडला सायकल मारून येतात. बरोबर. पण आमच्या अण्णांना तेव्हा स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जायला कधीकधी दहा मिनिटं लागायची. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. खाली कुणीतरी फेव्हिकॉल ओतून ठेवल्यासारखे. आणि हा माणूस सायकलवर?

वीस मिनिटांनी दादाचा फोन आला. अण्णा कॉलेजच्या ग्राउंडवर सापडले होते. गोल चकरा मारत होते. दादा पोचला तेव्हा म्हणे तिसरी चालू होती. हॅण्डल सरळ, पाठ ताठ. "आणि गंमत ऐक," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात मात्र गंमत नव्हती. "सायकलवरून उतरवलं, तर गेटमधून बाहेर यायला पाय उचलेना. तिथंच उभे. मग धरून आणलं."

ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ची. त्याआधीची सांगते.

आमचं घर कळंबचं. उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आणि २०२३पासून अधिकृतरीत्या धाराशिव जिल्ह्यातलं. पुण्यात 'कळंब' म्हटलं की लोक 'आंबेगावजवळचं का?' असं विचारतात, नाहीतर यवतमाळकडचं समजतात. नाही हो, आमचं मांजरा नदीकाठचं. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. स्वारगेटला रात्री एसटीत बसायचं, इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करत पहाटे येरमाळ्यात डोळे उघडायचे, की आलंच घर. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आधी आसपासच्या गावांत, नंतर बरीच वर्षं इटकूरला. जाणं-येणं सायकलवर. बावीस इंची काळी अ‍ॅटलस. ऊन, वारा, खडी टाकलेला रस्ता... काही असो, सायकलच. २०१८ साली रिटायर झाले. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. अण्णांनी पेपरातलं ते कात्रण कापून वहीत ठेवलंय. आमच्याकडे दुःख असं व्यक्त करतात.)

अण्णांचं अक्षर म्हणजे शाळेत दंतकथा. फळ्यावर पट्टीने ओळी आखल्यासारखं. आजाराची पहिली चाहूल त्या अक्षरातच होती. आम्हाला ती दोन वर्षं दिसली नाही इतकंच. दुधाच्या हिशोबाची वही आहे घरात. तिची पानं आज उलटली की सिनेमासारखं दिसतं. जानेवारीतला 'दीड लिटर' ठसठशीत. दिवाळीत तो बारीक झालेला. पुढच्या उन्हाळ्यात मुंगीएवढा. आई म्हणायची, "चष्म्याचा नंबर वाढला असंल." मग उजवा खांदा धरला. एका डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' म्हणून सहा महिने शेक घ्यायला लावले. घरात दूध उतू जाऊन करपायचं आणि शेजारीच बसलेल्या अण्णांना वास यायचा नाही. चेहरा गंभीर राहायला लागला. लग्नकार्यात लोक विचारायचे, "गुरुजी नाराज दिसतायत?"

हात थरथरायला लागला तेव्हा कुठे लातूरला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. २०२१चा ऑगस्ट. पाच मिनिटांत निदान झालं. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, एक ओळ लिहायला सांगितली. ती ओळ पाहून म्हणाले, "गुरुजी, पार्किन्सन्स आहे."

आपल्याकडे जुना शब्द कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली यावर पहिल्यांदा तपशीलवार लिहिलं, म्हणून हे नाव. आपण 'थरथर' हेच त्याचं लक्षण धरून बसतो. खरं तर ताठरपणा आणि मंदपणा जास्त छळतो, आणि काही पेशंटना थरथर जवळजवळ नसतेच. वास जाणं, अक्षर बारीक होणं, खांदा आखडणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं, आवाज खोल जाणं. सगळं त्याच यादीतलं. आम्ही एकेक करून वेगवेगळ्या खात्यांवर मांडत बसलो होतो.

आत काय होतं, ते मला समजलं तसं सांगते. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचाल सुरू करण्याचा, ती गुळगुळीत ठेवण्याचा हुकूम या रसायनामार्फत जातो. ते कमी पडलं की हुकूम निघतो, पण पोचत नाही. मेंदूतल्या डोपामिनचं काम उलगडणाऱ्या अर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. गोळी मात्र साठच्या दशकाच्या शेवटापासून आहे. लेवोडोपा. अजूनही मुख्य औषध तेच. ती गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनते आणि काही तास माणूस सुटा होतो. मग तिचा असर उतरतो. पेशंट मंडळी त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. लाइटसारखं. आमच्या घरी आता नऊ वर्षांचा पुतण्याही विचारतो, "आबा ऑन आहेत का?"

चौथा मजला, लिफ्टसहित

२०२३च्या पावसाळ्यात मी हिरॉइनगिरी केली. आई थकलीये, तिचं बीपी वाढलंय, इकडे मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, फिजिओ घरी येतो... झालं. दादाशी भांडून दोघांना पुण्याला घेऊन आले. फ्लॅट छोटा, पण चौथ्या मजल्यावर, हवेशीर, लिफ्टसहित. आपला फंडा क्लिअर होता. आई-वडिलांची काळजी म्हणजे आई-वडील जवळ.

पहिला धक्का लिफ्टने दिला. पार्किन्सन्सच्या पेशंटचे पाय नेमके कुठे अडकतात माहितीये? दारात. अरुंद जागेत. वळताना. आणि कुणी 'चला चला' म्हटलं की हमखास! लिफ्टचं दार उघडायचं, अण्णा समोर उभे, पाय हलेना, दार बंद. परत बटण. परत उघडलं, परत तेच. मागे ऑफिसला निघालेले शेजारी घड्याळ बघत उभे. कुणी काही बोलायचं नाही, पण अण्णांना मानेवर ती नजर कळायची. आठवड्याभरात त्यांनी खाली उतरणंच सोडलं. बाथरूमचं दार चोवीस इंची, पॅसेज त्याहून चिंचोळा. कळंबच्या घरी मोठं अंगण आहे, कडुनिंब आहे, फाटकाबाहेर हाक मारणारी माणसं आहेत. इथे अण्णा बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या एसीचे डबे मोजायचे. मस्करी नाही करत, खरंच मोजायचे. एकतीस होते.

एक गोष्ट मात्र पुण्यात छान झाली. इथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि त्यांच्या घरच्यांचं. सभा होतात, सहलीही निघतात. तिथल्या एका सभेला अण्णांना घेऊन गेले. पन्नाससाठ माणसं. कुणाचा हात हलतोय, कुणाचा पाय, कुणाला माइकमध्येही आवाज फुटत नाहीये, आणि हॉलभर हास्यविनोद चालू! अण्णा परत येताना रिक्षात म्हणाले, "तिथं कुणी माझ्याकडं बघत नव्हतं." पुण्यातच हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी डान्स क्लास घेतात, हेही तिथे कळलं. कल्पना अमेरिकेतली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ साली असे वर्ग सुरू केले. अण्णांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की विषय बंद. कवायत शिकवलेला माणूस. नाचणार?

तिसऱ्या आठवड्यात ते बाथरूममध्ये पडले. कपाळाला चार टाके. रात्री आई माझ्या खोलीत आली, दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आम्हाला घरी सोड. तुला वाईट वाटंल म्हणून ते बोलत नाहीत."

मला वाईट वाटलंच. फार वाटलं. मी तेव्हा दोन दिवस आईशी धड बोलले नाही, हेही लिहून टाकते.

किल्ली ज्वारीत

कळंबला परतल्यावर अण्णा थोडे सुधारले. अंगण आईने बदलून टाकलं. लातूरच्या फिजिओने सांगितलं होतं, जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत टेप चिकटवा, रेघ ओलांडायची म्हटलं की अडकलेला पाय सुटतो. मेंदूचा आपोआप चालणारा रस्ता बंद पडलेला असतो, रेघ दिसली की तो दुसऱ्या रस्त्याने हुकूम पाठवतो. टेप आमच्या शहाबादी फरशीवर टिकेना. मग आईने चुन्याचे पट्टे ओढले. पडवीपासून मोरीपर्यंत. उंबऱ्यापाशी दोन जास्तीचे. पुतण्याने त्याची ताबडतोब लंगडीची घरं केली. अण्णांचं स्वतःचं औषध म्हणजे कवायत. पाय अडला की स्वतःलाच हुकूम सोडायचे, "एक... दोन... एक... दोन!" आणि निघायचे. ठेका मिळाला की पाय हलतात, हेही विज्ञानात बसतं.

आणि मग तो फेब्रुवारी. ती सायकल.

त्या दिवशी आईने काय केलं असेल? सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली ज्वारीच्या कोठीत खुपसली. अण्णांनी जेवण सोडलं. पासष्टीला टेकलेली दोन माणसं लहान पोरांसारखी रुसून बसलेली. दादा दुकानात पळून गेला (त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, संकटकाळी फार उपयोगी पडतं). वहिनीने मला फोन केला, "ताई, तुम्हीच या."

एसटीत बसून मी काय केलं? अर्थात गूगल. आणि सापडलं ते वाचून अंगावर काटा आला. एप्रिल २०१०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एक केस छापलीये. त्यातले एक बास ब्लूम, पार्किन्सन्सवर काम करणारे नावाजलेले न्यूरॉलॉजिस्ट. पेशंट ५८ वर्षांचा, आजार दहा वर्षं जुना. चार पावलं टाकली की पाय थिजायचे, आधार नसेल तर कोसळायचा. आणि तो रोज कित्येक किलोमीटर सायकल चालवत होता! डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर नेऊन सायकल दिली. त्याचा व्हिडिओ आहे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कोसळणारा तोच माणूस पुढच्या दृश्यात सायकलवर वळण घेऊन परत येतो. उतरल्यावर पुन्हा पाय बंद. अगदी आमच्या अण्णांसारखं. असं का होतं? पेडल सतत फिरत असतं, त्यातून पायाला ठेका मिळत राहतो, असा एक अंदाज. दुसरा अंदाज असा, की सायकल चालवणं मेंदू चालण्याहून वेगळ्या पद्धतीने हाताळत असावा.

मी तो व्हिडिओ आईला दाखवला. तिने पूर्ण बघितला. मग म्हणाली, "तो गोरा माणूस पडला तर त्याला उचलायला तिथं डॉक्टर उभे हायेत. इथं कोण हाय? मी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आईचं बरोबर होतं. व्हिडिओत सायकलवर चढताना आणि उतरताना माणसं धरायला होती. धोका नेमका तिथेच असतो. आणि आमच्या गावातून जाणारे ऊस भरलेले ट्रॅक्टर! दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. पण अण्णांचंही चुकलं होतं का? आयुष्यातली पस्तीस वर्षं ज्या माणसाने सायकलवर काढली, त्याला दोन वर्षांनी पहिल्यांदा असं काहीतरी सापडलं होतं, जे त्याचं शरीर न अडखळता करत होतं.

शेवटी निवाडा लातूरच्या डॉक्टरांकडे. ते व्हिडिओ न बघताच हसले, त्यांना केस माहीत होती. मग अटी घातल्या. रस्त्यावर नाही म्हणजे नाही. फक्त ग्राउंड. एकट्याने नाही. गोळीचा असर पूर्ण असताना, म्हणजे घेतल्यावर साधारण तासाभराने. डोक्यावर हेल्मेट. चढता-उतरताना माणूस जवळ. आणि चक्कर येत असेल, बीपी पडत असेल त्या दिवशी सुट्टी. (हे वाचून कृपया कुणी उद्याच वडिलांना सायकलवर बसवू नका. प्रत्येकाचा पार्किन्सन्स वेगळा असतो. काहींचा तोल आधीच गेलेला असतो. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.)

राहता राहिला प्रश्न सायकलचा. अ‍ॅटलसच्या दांडीवरून पाय टाकणं आता अण्णांना अशक्य. म्हणून तर त्या पहाटे त्यांनी माझी काढली होती. बीएसए लेडीबर्ड. मी आठवीत असताना घेतलेली. जांभळी, पुढे बास्केट, दांडी खाली वाकलेली. त्या दिवशी अंधारात कुणी बघणार नाही म्हणून नेली. आता रोज उजेडात न्यायची म्हटल्यावर गुरुजींची इज्जत आडवी आली. "लेडीज सायकल? अख्खं कळंब ओळखतं मला." चौकातल्या सायकलवाल्या मामांनी तोडगा काढला. बास्केट काढलं, सीट इतकं खाली घेतलं की बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील, ब्रेक नवे घातले आणि काळा रंग मारला. रंग मारताना मडगार्डवरचं नाव मात्र त्यांनी तसंच ठेवलं. विसरले की मुद्दाम, देव जाणे. जांभळ्यावर पांढऱ्या अक्षरात. दुरून वाचता येतं.

पहिल्या दिवशी मी मागे कॅरिअर धरून पळाले. याच ग्राउंडवर मला सायकल शिकवताना अण्णा असेच मागून पळाले होते, आणि न सांगता हात सोडला होता. मी नाही सोडला. माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या चकरेला धाप लागली आणि त्यांनीच मान न वळवता सांगितलं, "सोड आता."

येळवस

आजारपण घरात आलं की पेशंटइतकीच आणखी एक व्यक्ती घरात अडकते. आमच्याकडे ती आई. गोळ्यांच्या वेळा सकाळी सहा, अकरा, चार, रात्री नऊ. चारही वेळा ती घड्याळासारखी हजर. आम्ही फोनमध्ये अलार्म लावून दिले, तरी ती आधीच उठून उभी. आमच्या तालुक्यातलं येरमाळा म्हणजे येडेश्वरीचं ठाणं. चैत्री पौर्णिमेची यात्रा मोठी. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, रानात लाखो माणसं चुन्याचे खडे वेचतात. आईने लग्न झाल्यापासून ती यात्रा चुकवली नव्हती. निदान झालं आणि तीन वर्षं ती गेलीच नाही. कुणी तिला 'जाऊ नको' म्हटलं नव्हतं. कुणी 'जा, मी बघतो' असंही म्हटलं नव्हतं! त्यात मीही आले. मी पुण्यातून फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न, "अण्णा कसे आहेत?" दुसरा, "गोळ्या घेतल्या?" तिसरा प्रश्न यायच्या आत माझा कॉल संपलेला असायचा.

आणि आता वेळा अमावस्या. आमच्या बोलीत येळवस. लातूर-धाराशिवकडची मंडळी हे वाचून आत्ताच हसली असतील. बाकीच्यांसाठी सांगते, मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाटे धरत असतो. शेतात कडब्याची कोप करायची, पांडवांना पुजायचं आणि मग ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना बोलावून जेवायला घालायचं. बाजरीचे उंडे, आंबिल, खीर, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे हं! तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, हरभरा, पालेभाज्या, चिंच असं सगळं एकत्र शिजवून, बेसन लावून केलेला प्रकार. वर्षातून एकदाच. अण्णा यासाठी जीव टाकतात.

३० डिसेंबर २०२४. सोमवार. त्या येळवशीला तर शेतात वेगळंच थ्रिल होतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोचला होता. त्याच महिन्यात कॅमेऱ्यात दिसला होता. जो तो वाघाबद्दल बोलत होता. आमच्या शेतात वाघ काही आला नाही, पण जे झालं त्याची तयारी कुणाचीच नव्हती.

अण्णांनी अकराची गोळी घेतली आणि लगेच भज्जीची वाटी पुढे ओढली. दोन वाट्या खाल्ल्या. आम्ही खूश, किती दिवसांनी मन लावून जेवतायत! साडेबाराला ते कोपीजवळ उभे राहिले आणि थिजले. पाय नाही, हात नाही, आवाज नाही. पट्टे नाहीत, एक-दोन नाही, काहीच चालेना. भोवती पाहुणे, पोरं, कुणी कांदा हुंगवा म्हणतंय, कुणी वाघ दिसला का विचारतंय. दादाने आणि मी त्यांना उचलून सतरंजीवर झोपवलं. आई त्यांच्या उशाशी बसली आणि मी पहिल्यांदा तिला सगळ्यांसमोर रडताना पाहिलं. तासभर ते तसेच पडून होते. डोळे उघडे, आभाळाकडे.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "काय खाल्लं?" मी यादी वाचली. ते म्हणाले, "अहो, तुम्ही त्यांना प्रोटीनचा सगळा बाजार खाऊ घातलात!" झालं असं होतं, की लेवोडोपा आणि डाळींमधली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकाच दारात उभी राहतात. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास तरी घ्यायची, आणि डाळ-दूध-अंडी असा जड भाग शक्यतो रात्रीकडे सरकवायचा. हे आम्हाला तीन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं असेलही. कागदावर छापलेलंही असेल. पण भज्जी म्हणजे तुरी, वाटाणे, हरभरा आणि वर बेसन, हे समीकरण कुठल्या छापील कागदात असणार?

त्या रात्री आम्ही सगळे बसलो. पहिल्यांदाच. अण्णाही, 'ऑन' होते तेव्हा. वही काढली, तीच दुधाची. अकराची गोळी आणि ग्राउंड दादाकडे. दुकान त्या वेळेत वहिनी बघणार. रात्रीची नऊची गोळी पुतण्याकडे, तो या कामाला फार सिरीयस आहे. महिन्यातला एक आठवडा मी लॅपटॉप घेऊन कळंबला. फ्रीलान्सिंगचा एवढा तरी उपयोग! (इंटरनेट? दुपारी दोन ते चार लाइट नसते, बाकी उत्तम.) खाजकुयलीची पावडर बंद. आईला कुणीतरी आणून दिली होती, ती गुपचूप दुधातून देत होती. खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा खरोखरच असतो, म्हणूनच तर मोजमाप नसलेली पावडर गोळीवर आणखी चढवणं धोक्याचं. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाले, "दुधाला चव नव्हतीच. मला वाटलं भैय्यानं पाणी घातलंय."

२०२५ मध्ये चैत्री पौर्णिमा १२ एप्रिलला आली, जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. मी आदल्या रात्री कळंबला पोचले आणि आईला येरमाळ्याच्या जीपमध्ये बसवलं. तिने जाताना सतरा सूचना दिल्या. दिवसभरात अकरा फोन केले. दोन दिवस राहून परत आली ती उन्हाने काळवंडलेली, पायाला फोड आलेली आणि कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात बोलणारी. पदराच्या गाठीत चुन्याचा एक खडा होता. तो तिने देव्हाऱ्यात ठेवला. अंगणातल्या पट्ट्यांसाठी चुना मात्र दुकानातूनच येतो, खड्याला हात लावायची परवानगी नाही.

सगळं छान छान झालं, असं समजू नका. आजार वाढतोच आहे. २०२५च्या पावसाळ्यात गोळ्या चाराच्या पाच झाल्या. सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला, मांजराकाठची शेतं पाण्याखाली गेली, रस्ते बंद, आणि आमच्या डब्यात तीन दिवसांच्या गोळ्या. ही गोळी अचानक बंद करायची नसते, फार वाईट होऊ शकतं. दादा कुठूनकुठून वळसे घालत लातूरहून घेऊन आला. तेव्हापासून महिन्याभराचा जादा साठा कपाटात असतो. ग्राउंडवरच्या चकरा कधी आठ होतात, कधी एक. कधी अण्णा नुसते सायकलवर बसतात, पाय टेकून, आणि पोरांचं क्रिकेट बघतात. एकदा पडलेही. गुडघा फुटला. आईने दोन दिवस किल्ली पुन्हा ज्वारीत टाकली, तिसऱ्या दिवशी स्वतःच काढून दिली.

२०२५च्या येळवशीला आम्ही परत शेतात गेलो. अकराची गोळी घड्याळ लावून घेतली. पंगत बसली साडेअकराला. कोपीत भज्जीचा वास सुटलेला. अण्णांना तो येत नाही, पण वाफ दिसते. त्यांनी वाटी हातात घेतली. आईने न बघता ती काढून खाली ठेवली.

"पंधरा मिनिटं."

"दहा झाली असतील," अण्णा म्हणाले.

"पंधरा."

ते पुतण्याकडे वळले. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. अण्णा म्हणाले, "तोवर आंबिल तरी द्या."

आंबिलात ताक असतं. मी गूगल उघडलं. रेंज नव्हती.